नाशिकला पहिल्यांदा वाइन टेस्टिंगला जाताय? मग ही तयारी करून जा

जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची वर्दळ असते. बागांमध्ये द्राक्षांची खुडणी चालू असते, वायनऱ्यांमधले टेस्टिंगचे कार्यक्रम भरलेले असतात आणि आलेल्यांपैकी बरेच जण पहिल्यांदाच आलेले असतात. त्यांचा संकोच लांबूनच ओळखू येतो. ग्लास कसा धरायचा, काय बोलायचं, तोंडातली वाइन चारचौघांत थुंकायची कशी, शाकाहारी माणसाला इथे काय खायला मिळणार, आणि आपण काही भलतंच बोलून गेलो तर?

हा लेख त्या पहिल्या खेपेसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: टेस्टिंगला जायला वाइनची माहिती लागत नाही, एका घोटाची दुसऱ्या घोटाशी तुलना करता आली की पुरे. आईच्या आणि आजीच्या हातच्या आमटीतला फरक ज्याला कळतो, त्याला हेही जमतं. पुढे जे सांगितलं आहे, ते सगळं ही तुलना नीट करता यावी म्हणून.

कुठे आणि केव्हा जायचं

नाशिकमध्येच का, याचं उत्तर थोडक्यात देतो. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क, म्हणजे वाइन उद्योगासाठीच्या वसाहती, उभे राहिले. त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड सुरू केली होती. त्यांच्या सुला व्हिनयार्ड्सने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि वायनरीत जाऊन वाइन चाखण्याची सवय महाराष्ट्राला तिथून लागली. आज गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा आहेत. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळ संजेगावला व्हॅलोन आणि ग्रोव्हर झांपा आहेत. सोलापूर-पंढरपूरकडच्या मंडळींना अकलूजची फ्रातेल्ली जवळ पडते.

आता केव्हा. युरोपात द्राक्षं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये खुडतात. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात घड पिकले तर ते कुजतील, म्हणून आपला बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळासाठी गोडी छाटणी. त्यामुळे फळ थंडीत भरतं आणि जानेवारी ते मार्च खुडणी चालते. याच काळात गेलात तर वेलीवर घड दिसतील, ट्रॅक्टरमधून क्रेट उतरताना दिसतील, टाक्यांच्या खोलीत आंबत्या रसाचा वास येईल. पावसाळ्यात परिसर हिरवागार आणि सुंदर असतो, गर्दीही कमी असते, पण बागेत पाहायला फक्त पानं.

कार्यक्रम ढोबळमानाने तीन तऱ्हेचे असतात. पहिला म्हणजे वायनरीतली रोजची टेस्टिंग: आधी आवारातून फेरी, मग चार-सहा वाइन. दुसरा म्हणजे महोत्सव. सुलाफेस्ट २००८ मध्ये सुरू झालेला, खुडणीच्या हंगामातला, संगीतासाठी प्रसिद्ध. तिसरा म्हणजे मुंबई-पुण्यातल्या हॉटेलांत होणारं वाइनसोबतचं जेवण, ज्यात प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन येते. पहिल्या खेपेला मी पहिलाच प्रकार सुचवेन, आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी. महोत्सवात मजा खूप, पण तिथे आवाज इतका असतो की माहिती सांगणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि प्रश्न विचारायला कुणी मोकळं सापडत नाही. शहरातलं जेवण छान असतं. मात्र एकदा टेस्टिंग करून झाल्यावर त्याचा आनंद दुप्पट होतो.

वेळ सकाळी उशिराची किंवा दुपारी चारच्या आधीची घ्या. जेवून सुस्तावलेलं तोंड चव नीट सांगत नाही आणि रिकाम्या पोटी वाइन लगेच डोक्यात जाते. दोन तास आधी पोहे, उपमा, इडली असं साधं खाऊन निघा.

नोंदणी करताना विचारून घ्या

फोनवर किंवा नोंदणी करताना चार गोष्टी विचारल्या की पुढचा गोंधळ टळतो. किती वाइन चाखायला देणार? खाणं त्यातच धरलं आहे की वेगळं? बरोबर न पिणारे किंवा लहान मुलं असतील तर त्यांना आत येता येईल का? आणि परवान्याचं काय? महाराष्ट्रात कायद्याने मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. तो एक दिवसाचाही असतो. तिथेच मिळतो का, हे आधी कळलेलं बरं. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, म्हणून वयाचा पुरावा जवळ असू द्या, केस पिकले असले तरी.

तारीख ठरवताना ड्राय डे पाहा. ऐन हंगामातच २६ जानेवारी येतो, आणि जोडून सुट्टी आली म्हणून त्याच दिवशी नाशिक गाठणारे दरवर्षी निघतात. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांतही विक्री बंद असते.

मग गाडीचा प्रश्न. यात मला कुठलीही सवलत मान्य नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सहा वाइनचे ३०-३० मिलिलिटर प्यायलात तर १८० मिलिलिटर होतात, म्हणजे एक भरलेला ग्लास, आणि तेवढ्यानेही अनेकांच्या रक्तातलं प्रमाण ही मर्यादा ओलांडतं. मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर, पुण्याहून सुमारे २१०. मध्ये कसारा घाट किंवा संगमनेरचा रस्ता. चालक ठरवा आणि त्याने थेंबही घेऊ नये. नाहीतर रेल्वेने नाशिकरोडला उतरा, पुढे टॅक्सी करा आणि ती परतीसाठीही आधीच ठरवून ठेवा. धरणाच्या बाजूला संध्याकाळी रिक्षा सहज मिळत नाहीत. रात्रीचा मुक्काम केलात तर सर्वांत उत्तम.

आदल्या दिवशी घरी करायची तालीम

ही पायरी कुणी सांगत नाही, पण नवख्याला तिचाच उपयोग सर्वाधिक होतो. वाइनमध्ये जे चार-पाच गुण ओळखायचे असतात, ते आपल्या स्वयंपाकघरात हजर आहेत.

एका कपात चहाची पावडर जास्त वेळ उकळून, दूध-साखर न घालता, कोमट झाल्यावर एक घोट घ्या. हिरड्या आणि गाल कोरडे पडल्यासारखे वाटतील. तो तुरटपणा टॅनिनचा. लाल वाइनमध्ये तो द्राक्षाच्या साली आणि बियांतून येतो. मग पाण्यात लिंबू पिळून प्या आणि जिभेच्या बाजूंनी लाळ सुटते ते पाहा. ती आम्लता. पांढऱ्या वाइनचा ताजेपणा तिच्यावर उभा असतो. त्यानंतर साधं दूध आणि सायीचं दूध एकामागून एक तोंडात घोळवा. चव जवळपास तीच, पण एक पातळ आणि एक भरीव. वाइनवाले ज्याला बॉडी म्हणतात ते हेच.

शेवटी नाक चिमटीत धरून धणे-जिऱ्याची पूड किंवा वेलदोड्याची साखर जिभेवर ठेवा. फक्त गोड किंवा काहीतरी रवाळ, एवढंच कळेल. नाक सोडलंत की वास एकदम उमलतो. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं काम घशामागून नाकात जाणारा वास करतो. टेस्टिंगमध्ये एवढं हुंगत का बसतात, ते या एका प्रयोगात समजतं. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवला जायचा तो मात्र चुकीचा आहे. पाचही चवी जिभेच्या सगळ्या भागांवर कळतात.

निघताना

अत्तर, सेंट, सुवासिक तेल नको. गजरासुद्धा नको, हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण मोगऱ्याचा वास चार खुर्च्यांपर्यंत जातो आणि त्यात व्हाइट वाइनचा नाजूक गंध बुडून जातो. टेस्टिंगच्या आधी तासभर पान, सुपारी, बडीशेप, पेपरमिंट आणि सिगारेट टाळा. दातही बरेच आधी घासून घ्या.

कपडे गडद रंगाचे, बूट मातीत चालण्याजोगे. जानेवारीत दुपारी ऊन लागतं आणि सूर्य कलल्यावर नाशिकची थंडी झोंबते, तेव्हा टोपी आणि स्वेटर दोन्ही घ्या. पाण्याची बाटली, छोटी वही, पेन. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं किंवा मेट्रोनिडॅझोलसारखं प्रतिजैविक चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदर स्त्रियांनी चाखू नये, बागेची फेरी मात्र जरूर करावी.

बागेत आणि टाक्यांच्या खोलीत

फेरीला कंटाळून थेट टेबलाकडे धावू नका. पुढे ग्लासात जे कळणार आहे ते इथे डोळ्यांना दिसतं.

नाशिकच्या रस्त्यांवर टोपल्यांतून विकायला असतात ती थॉमसन किंवा सोनाका जातीची, लांबट, बिनबियांची, पातळ सालीची खायची द्राक्षं. वाइनचं द्राक्ष वेगळंच. मणी लहान, गोल, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र चकित करणारी. जाड सालीतूनच लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो. परवानगी घेऊन एक मणी खाऊन बघा. औषध फवारणी कधी झाली हे विचारूनच, आणि धुऊन. वाटेत थॉमसनचा एक पुडा घेतला असेल तर दोन्ही शेजारी ठेवून खा. तुमची पहिली तुलना इथेच होऊन जाते.

आत स्टीलच्या उंच टाक्या दिसतील. द्राक्षाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट अल्कोहोल करतं आणि त्यात उष्णता निघते. नाशिकच्या हवेत ती आवरली नाही तर फळाचा वास उडून जाईल, म्हणून टाक्यांना थंड करणारं वेष्टन असतं. व्हाइट वाइनसाठी रस सालींपासून लवकर वेगळा करतात, लाल वाइन सालींसकट आंबवतात, गुलाबी रंगाच्या रोझे वाइनमध्ये साल थोडेच तास ठेवतात. ओक लाकडाची पिंपं दिसली तर जवळ जाऊन वास घ्या. व्हॅनिला, भाजलेलं लाकूड, किंचित लवंग असा तो वास पुढे एखाद्या लाल वाइनमध्ये भेटेल.

हंगामात पायाने द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम असतो. मुलांना घेऊन गेला असाल तर त्यांचा हा सर्वांत आवडता भाग. तुम्ही तुडवलेल्या रसाची वाइन सहसा करत नाहीत, तेव्हा निश्चिंत मनाने तुडवा.

ग्लास हातात आल्यावर

ग्लास दांडीला धरा. वाटीला धरलात तर तळहाताच्या उबेने वाइन तापते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअसला, लाल १६ ते १८ अंशांना चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. मार्चमधली नाशिकची दुपार ३५ अंशांच्या आसपास असते. तुमच्या ग्लासातली लाल वाइन कोमट आणि अल्कोहोलने उग्र लागली तर थोडी थंड करून द्यायला सांगा. त्यात संकोच बाळगू नका, जाणकार माणूस खूश होईल.

क्रम साधारण असा असतो: आधी स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड. हलक्याकडून जडाकडे. आधी लाल घेतलीत तर नंतरची पांढरी पाण्यासारखी वाटेल.

प्रत्येक वाइनला तीन मिनिटं द्या. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहा. मग न हलवता एकदा हुंगा. ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि लगेच पुन्हा हुंगा. दुसऱ्यांदा वास वाढलेला असेल, कारण हलवल्याने तो मोकळा होतो. लहान घोट घ्या, तो तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. मग थुंका किंवा गिळा, आणि मनातल्या मनात मोजा: चव किती वेळ राहिली? दोन सेकंदांत विरली की दहापर्यंत टिकली? चांगल्या वाइनची ही खूण नवख्यालाही पहिल्याच दिवशी पकडता येते.

थुंकण्याबद्दल. टेबलावर एक भांडं असतं, त्याला स्पिटून म्हणतात. ते वापरणं इथे शिष्टाचाराला धरून आहे. वाइन बनवणारे स्वतः दिवसभर तेच करतात, नाहीतर त्यांना काम करता येणार नाही. पहिल्यांदा संकोच वाटतो. जवळ वाका, ओठ आवळा, एका धारेत सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कुणाचं लक्षही जात नाही. गिळायचंच असेल तर पाचव्या-सहाव्या वाइनपर्यंत नाक-जीभ बोथट होणार, हे धरून चला आणि ग्लासातली उरलेली वाइन भांड्यात ओता. ओतून देणं हा यजमानाचा अपमान नाही. आपल्याकडे पानात टाकणं वाईट समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि आग्रह. पंगतीत आग्रह करणं हे प्रेम आहे, टेस्टिंगच्या टेबलावर मात्र तो करू नये. 'एवढं घे रे, काही होत नाही' हे वाक्य घरी ठेवून या. बरोबरचा माणूस एका घोटावर थांबला किंवा मुळीच घेणार नसेल, तर त्याला वाटेल ते त्याने करावं. चालक म्हणून आलेल्याला नुसता वास घ्यायला ग्लास द्या. तोही अर्धी टेस्टिंग करतोच.

वास कशासारखा आला हे सांगताना पुस्तकी फळांची नावं शोधू नका. कॅसिस आणि गूजबेरी आपल्यापैकी फार थोड्यांनी खाल्ली आहेत. नाशिकच्या चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये मला पिकलेला पेरू आणि अननस येतो, सॉव्हिन्यॉन ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये कापलेली ढोबळी मिरची आणि ओलं गवत, शिराझ या लाल वाइनमध्ये जांभूळ आणि मिरी. तुम्हाला दुसरं काही आलं तर तुमचं लिहा. वहीत एका वाइनसाठी एकच ओळ पुरे: वास कसा, आंबट-गोड-तुरट किती, किती वेळ टिकली, पुन्हा घ्यावीशी वाटते का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

खाण्याचं ताट

बऱ्याच ठिकाणी टेस्टिंगसोबत चीज, क्रॅकर्स, ऑलिव्ह येतात. ते ठीकच आहे. पण मला मनापासून वाटतं की नाशिकची वाइन आपल्या जेवणाबरोबर चाखल्याशिवाय पुरती कळत नाही. ती जिथे पिकते तिथे लोक काळ्या मसाल्याचं, शेंगदाण्याचं, कोथिंबिरीचं जेवतात. वायनरीच्या उपाहारगृहात मराठी पदार्थ असतील तर ते मागवा, नसतील तर दोन बाटल्या घेऊन घरी हाच खेळ मांडा.

आधी नियम समजून घ्या, जोड्या पाठ कराव्या लागणार नाहीत. ताटातल्या मिठाची चिमूट जिभेवर ठेवून तुरट लाल वाइन घ्या, तुरटपणा मऊ होतो. लिंबाची फोड चोखून आंबटसर पांढरी वाइन घ्या, वाइन अचानक गोड वाटते. गुळाचा खडा खाऊन तीच वाइन घ्या, ती आंबट आणि रोडावलेली लागते. मिरची चावून लाल वाइन घेतलीत तर तोंड पेटतं, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही तिखटाची आग वाढवतात. म्हणजे खारट वाइनला मदत करतं, आंबट तिला सौम्य करतं, गोड तिला दुबळं करतं, आणि तिखटाला थंड, किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची वाइन लागते.

आता ताटाकडे वळू. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, कांदाभजी अशा तळणीबरोबर स्पार्कलिंग ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोडी नसलेली, घ्या. बुडबुडे आणि आम्लता मिळून तोंडातलं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. मला विचाराल तर नवख्याने सगळ्यांत आधी हीच जोडी करून बघावी. सॉव्हिन्यॉन ब्लाँचा हिरवा वास कोथिंबीर, लिंबू, ओलं खोबरं असलेल्या पदार्थाला धरून जातो. सुरळीची वडी किंवा मटारची उसळ घेऊन बघा.

मिसळीचं प्रकरण नाजूक आहे. नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ पापड आणि दह्याबरोबर येते, आणि लोक हौसेने तिच्याबरोबर लाल वाइन मागवतात. तिखट रश्शावर ती जोडी भांडते. थंडगार चेनिन ब्लाँ, तीही थोडी गोडी राखलेली, घ्या आणि मध्ये दह्याचा चमचा असू द्या. शेंगदाणे आणि फरसाणाचा खमंगपणा तिच्याबरोबर फार छान लागतो.

शिराझला खान्देशी मटण, सुकं मटण, काळ्या मसाल्याचं भरलं वांगं हवं. मटणातलं प्रथिन टॅनिनला बांधून ठेवतं, वाइन मवाळ होते आणि तिच्यातला मिरीचा वास मसाल्याला जाऊन मिळतो. फक्त मिरची बेताची ठेवा. शाकाहाऱ्यांना निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत सांगेन: धुराचा वास आणि ओकच्या पिंपातली वाइन एकमेकांना ओळखतात. कॅबर्ने सॉव्हिन्यॉनसारखी जास्त तुरट लाल वाइन पनीर किंवा जुन्या चीजबरोबर घ्या.

कोकणातल्या वाचकांसाठी एक सावधगिरी. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांबरोबर लाल वाइन घेतली की तोंडात लोखंडासारखी चव येते. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल यांच्यातून ती निर्माण होते. तिथे पांढरी किंवा स्पार्कलिंगच. सोलकढी आणि वाइन मात्र एका वेळी नको, दोघींची आंबटगोडी एकमेकींना मारते.

गोड पदार्थाला वाइन त्याच्याहून गोड लागते. उशिरा खुडलेल्या द्राक्षांची चेनिन ब्लाँ मिळते, ती श्रीखंडाबरोबर सुंदर जमते, कारण श्रीखंडात चक्क्याचा आंबटपणा आहे. पुरणपोळीच्या गोडीपुढे तीही फिकी पडते. पुरणपोळीला दूध-तूपच शोभतं.

दोन घासांच्या मध्ये पाणी आणि साधी पोळी किंवा पावाचा तुकडा खा. चटणी-लोणचं शेवटी.

विचारायला लाजू नका

टेस्टिंग घेणाऱ्या माणसाला नेहमी 'कुठली सर्वांत चांगली' असा प्रश्न येतो. त्याऐवजी हे विचारून बघा: ही द्राक्षं कुठल्या गावची, स्वतःच्या बागेतली की करारावरच्या शेतकऱ्यांची? यंदा अवकाळी पावसाचा काही फटका बसला का? ही वाइन पिंपात किती महिने होती? शेतीबद्दल प्रश्न आला की सांगणाऱ्याचा सूर बदलतो, पाठ केलेली माहिती मागे पडते आणि खरी माहिती बाहेर येते.

शाकाहाऱ्यांनी आणखी एक विचारावं. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. पदार्थ नंतर गाळून काढतात, तरी ज्याला नको त्याला आधी कळायला हवं. उपवास असेल त्या दिवशी जाऊ नका, पोटाला आणि मनाला दोन्हीला त्रास.

बाटली घ्यायची तर

सगळ्या वाइन चाखून झाल्यावर, वही उघडून मगच खरेदी करा. ज्या ओळीपुढे 'पुन्हा घ्यावी' लिहिलं असेल तीच घ्या, किंमत किंवा लेबल पाहून नको. बाटलीवर द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष पाहा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे वाइन पहिल्या एक-दोन वर्षांतच प्यायच्या असतात, जुनी म्हणजे चांगली हा हिशेब त्यांना लागू नाही. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. ताजेपणा टिकवायला ते उत्तम आहे.

राज्याबाहेर नेणार असाल तर तिथली मर्यादा आधी पाहून घ्या. आणि बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी तापून वाइन शिजल्यासारखी होते, फळाचा वास जातो आणि झाकणातून गळतीही होते. सीटखाली, टॉवेलात गुंडाळून, एसीच्या झोतात ठेवा आणि जेवायला थांबलात तर सावली बघून गाडी लावा. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ नको, कपाटाच्या अंधाऱ्या खालच्या कप्प्यात ठेवा. बूच असलेली बाटली आडवी, फिरकीची उभी चालेल. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा, लाल असली तरी फ्रीजमध्येच, प्यायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढून. स्पार्कलिंग मात्र उघडाल त्याच दिवशी संपवा.